पुसल्याबिगर

यंदाचा कापूस बाजारात उतरला, हे अमरावतीत इतरांना गाड्यांच्या रांगांवरून कळतं. मला ते लाखेवरून कळतं. काल सकाळी एका सतारीच्या दांडीला दुसरा हात दिला, दाराशी नेऊन ती उन्हात तिरपी धरली, आणि ओल्या लाखेत रुईचा एक बारीक तंतू आडवा पडलेला दिसला. झालं, सुरू झाला मोसम. आता संक्रांत उलटेपर्यंत हवेत हेच तरंगणार. भुवयांवर, भाकरीवर, माठातल्या पाण्यावर, आणि नेमकं माझ्या ओल्या लाखेवर. मी चिमट्याने तो तंतू उचलायला गेलो, तर चिमटा घसरून लाखेवर ओरखडा उठला. या वयात चिमट्याच्या वाटेला जाऊ नये हे मला कळतं, पण वळत नाही.

आमच्या धंद्यात लाखेच्या लेपाला हात म्हणतात. एक हात दिला, पाच हात दिले, असं बोलायचं. हा शब्द मी आयुष्यभर उठता-बसता उच्चारत आलो, पण कापसाच्या दिवसांत तो तोंडातून निघताना अडखळतो. तीसेक वर्षांपूर्वीचा एक मोसम त्याच्या आड येऊन उभा राहतो.

तिकडे अमेरिकेत लढाई चालू होती ते दिवस. अमेरिका कुठल्या दिशेला आहे हे ज्यांना ठाऊक नव्हतं, तेसुद्धा त्या लढाईला दीर्घायुष्य चिंतत होते, कारण ती चालू होती तोवर वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचे दिवस होते. आगगाडी अजून इथवर पोचायची होती. मी मिरजेहून निघालो तो बैलगाडीने, हाडं खिळखिळी करून घेत आलो. तंबोरे आणि सतारी करायचं काम वडिलांकडून शिकलो होतो, तिशी गाठली होती आणि अंगात मस्ती होती. वऱ्हाडात आता शेतकरीही गाणं ऐकतो, तंबोरे घेतो, असं कुणीतरी सांगितलं आणि मी त्यावर विश्वास ठेवला.

मला जागा दिली ती हुसेनमियाँनी. पलंगाचे खूर, पाळण्याच्या दांड्या, लाटणी असं खरादाचं, लाकूड फिरवून कातायचं काम ते करत. त्यांच्या दुकानाच्या अर्ध्या भागात मी तंबोरे मांडले. त्यांची लाख रंगीत असायची, लालभडक नाहीतर पोपटी, आणि तिच्याखाली सागवान आहे की बाभूळ हे प्रत्यक्ष ब्रह्मदेवाला कळलं नसतं. माझी लाख पारदर्शक. चपडा लाख कडक अर्कात विरघळवायची, गाळायची, आणि कापडाच्या पुरचुंडीने लाकडावर फिरवत राहायची, इतकी हलकी की लाकूड आतून ओलं झाल्यासारखं दिसावं. हुसेनमियाँ म्हणायचे, तुमची लाख म्हणजे मलमल, पांघरली काय आणि न पांघरली काय. अर्क म्हणजे मेळघाटाच्या पायथ्याच्या कलालाकडून आणलेली, दोन-तीनदा भट्टीवर चढवलेली मोहाची दारू. हुसेनमियाँ पाच वेळचे नमाजी. दारूचं मडकं दुकानात आलं की ते बाहेर जाऊन उभे राहत आणि लाख त्यात पडली की आत येत. लाख पडल्यावर ती दारू नव्हे, रोगण झालं, असा त्यांचा न्याय होता. रस्त्याने जाणारे मात्र वास घेऊन आम्हा दोघांकडे पाहून हसत.

इथली बोली मला तेव्हा धड कळत नव्हती. मराठीच ती, पण माझ्या कानाला सगळी भांडल्यासारखी वाटे. पहिल्याच महिन्यात हुसेनमियाँ आतून ओरडले की लाख विरघळून राहिली. मला वाटलं विरघळून झाली, मी गाळायला घेतली, अर्धी लाख फडक्यातच राहिली. ‘राहिली’ म्हणजे अजून चालू आहे, हे त्या दिवशी शिकलो. एकदा एक गिऱ्हाईक तंबोरा परत घेऊन आलं. तक्रार अशी की त्याचं लाकूड दिसून राहिलं. मी म्हटलं, दिसावं म्हणूनच मरमर मेलो मी. तो म्हणाला, पण पाहुणे म्हणतील, रंग पुरला नाही वाटतं. शेवटी हुसेनमियाँनी त्याला लाल लाख फासून दिली आणि तो खूश होऊन गेला.

मला त्या लोकांचा राग यायचा. रंग झाकतो, लाख दाखवते, हे माझं ठरलेलं वाक्य होतं आणि मी ते दिवसातून दहादा ऐकवायचो. लाकडाची बाजू घेणारा या गावात मी एकटाच, असं मला मनापासून वाटत होतं. आता ते आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

वेचणी नुकती सुरू झाली होती तेव्हा पंचफुलाबाई आल्या. अकोल्याकडच्या एका गावची पाटलीण. नवऱ्याबरोबर रेंगीतून उतरल्या आणि गाडीवानाला बाजूला सारून त्यांनी स्वतः एक लांबट गाठोडं उचललं. गोधडीत गुंडाळलेली ती दाराची एक फळी होती. दार कुणी गोधडीत गुंडाळतं का, हे मला त्या दिवशी सुचलं नाही. पाटलांनी सांगितलं, जुनं घर पाडून नवं बांधतोय, गावच्या भजनाला तंबोरा हवा आहे, आणि हिचा हट्ट आहे की त्याची छाती याच लाकडाची करायची. छाती म्हणजे तबली, भोपळ्याच्या तोंडावर बसते ती पातळ फळी, जिच्यावर तारा पेलणारी घोडी उभी राहते आणि जिच्यातून आवाज येतो. एवढं सांगून पाटील कापसाच्या बाजाराकडे निघून गेले.

मी गोधडी उलगडली. असं सागवान मी पुन्हा पाहिलं नाही. झाडाला दोन थोराड फांद्या फुटतात त्या बेचक्यातलं लाकूड होतं ते. रेषा खालून सरळ येत होत्या, मग मध्यावर जणू काही आडवं आल्यासारख्या फाटून दोन्हीकडे वळत होत्या, आणि वर जाऊन पुन्हा एक होत होत्या. ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालून जातं ना, तसं. मधे तळहाताएवढी शांत जागा राहिली होती. नेमक्या त्याच जागेवर तेलाहळदीचा मळकट डाग होता. वऱ्हाडात कुठल्या दारावर हळदीचे थापे नसतात? मी तो पाहिला आणि न पाहिल्यासारखा केला.

पंचफुलाबाईंनी विचारलं, यावर रंग लावाल का. मी माझं ठरलेलं वाक्य ऐकवलं. मग लाखेतून खालचं कसं जसंच्या तसं दिसतं, वर्षं गेली तरी कसं राहतं, हेही सांगितलं. एक तयार सतार उन्हात धरून तिच्या रेषा दाखवल्या. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांचा एक हात सगळा वेळ फळीवर होता. मग त्या उठल्या, आणि दारातून मागे वळून म्हणाल्या,

“मिस्तरी, लाख लावायच्या आंदी पुसजा. पुसल्याबिगर लावू नका.”

मी हसून म्हटलं, ते काय सांगायला हवं, बाई. मनातून मी खूश झालो होतो. तेलकट लाकडावर लाख धरत नाही, ते आधी पुसून घ्यावं लागतं, हे माझ्या धंद्यातलं मर्म या पाटलीणबाईंना माहीत आहे, म्हणजे बाई जाणकार दिसते, असं मी हुसेनमियाँना संध्याकाळी कौतुकाने सांगितलंसुद्धा. पण सांगताना, बाई म्हणाल्या लाकूड साफ करून घ्या, असं माझ्या शब्दांत सांगितलं. त्यांचेच शब्द सांगितले असते तर तिथेच सगळं वाचलं असतं.

पुढचे दोन महिने मी त्या तंबोऱ्यात बुडालो. फळी आतल्या बाजूने कोरत आणली, बाहेरचा चेहरा तसाच ठेवला. कोरताना सागवानाचा कातडीसारखा वास दुकानभर असायचा. बाहेर गाड्यांमागून गाड्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, धुळीत मिसळलेली रुई. तबली बसवली, दांडी जोडली, आणि लाखेचा दिवस आला. पहाटेचं दव ओसरल्यावर आणि रस्ता जागा होण्याआधी एक घटका मिळते, तेव्हाच त्या मोसमात लाख लावता येई. दारावर ओलं धोतर टांगून मी बसलो. आधी पुसायचं होतं.

तेल सहज निघेना म्हणून मी खाराचं पाणी केलं. फडकं बुडवलं, पिळलं आणि डागावर ठेवलं. उचललं तेव्हा खाली हात होता.

हळदीवर खाराचं पाणी पडलं की ती लाल होते, कुंकू असंच तर करतात. मळकट पिवळा डाग एका क्षणात लालबुंद झाला आणि त्याच्या कडा उठून आल्या. पाच बोटं. आखूड, जराशी फाकलेली. करंगळीच्या टोकाशी थोडं घसरलेलं, घाईत हात उचलल्यासारखं. तळव्यावरची एक रेघसुद्धा दिसत होती. लहान हात होता, बारा-तेरा वर्षांच्या मुलीचा असावा. लाकडाच्या रेषा दोन्हीकडून येऊन त्याला वळसा घालून जात होत्या, जणू त्या हातासाठीच झाडाने जागा सोडली होती.

मी थांबलो. हे मला स्वतःपाशी कबूल करायलाच हवं, की मी थांबलो होतो. फडकं हातात धरून मी बराच वेळ पाहत बसलो. सुंदर आहे, हे मला कळलं. कुणाचा तरी आहे, हेही कळलं. मग मनात आलं की रस्ता जागा व्हायच्या आत पहिला हात द्यायला हवा. आणि असंही आलं, की एवढ्या देखण्या लाकडावर हा लाल पंजा राहिला तर पाहणारा रेषा पाहणारच नाही. बाईंनीच तर सांगितलं आहे पुसायला. मी तीन वेळा पुसलं. तरी फिकट राहिलं, म्हणून बाटलीच्या काचेच्या तुकड्याने हलकं खरवडलं. लाकूड स्वच्छ झालं. मग मी त्याला सात हात दिले.

संक्रांतीच्या सुमारास पाटील आणि पंचफुलाबाई न्यायला आले. मी तंबोरा दाराशी आणून उन्हात तिरपा धरला. लाखेखालून रेषा हलत असल्यासारख्या दिसत होत्या. पाटील वा म्हणाले. पंचफुलाबाईंनी तो माझ्या हातून घेतला, मांडीवर आडवा ठेवला, आणि त्यांचं बोट रेषांवरून वर सरकत गेलं. दोन वळणांच्या मधे येऊन थांबलं. त्यांनी तंबोरा इकडे फिरवला, तिकडे फिरवला. पदराने ती जागा झटकली. मग माझ्याकडे पाहिलं.

“पुसलं काहून नाही, मिस्तरी?”

मला ते लागलं. एवढं काम करून वर हा ठपका. मी म्हटलं, “पुसलं की, बाई. चांगलं तीन वेळा पुसलं.”

“कोनाले पुसलं?”

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, “खाराच्या पाण्याने.”

मागे खराद थांबला. हुसेनमियाँ या मातीतले, त्यांना दोन्हीकडचं एकदम कळलं. ते उठून जवळ आले आणि खालच्या आवाजात मला म्हणाले, “मिस्तरी, बाई ने पूछने को बोला था.”

इथे पुसणं म्हणजे विचारणं. आमच्याकडे विचारपूस म्हणतात, त्यातलं पूस तेच. लहानपणापासून ऐकलेल्या अभंगांतही ते तसंच येतं. म्हणजे शब्द मला माहीत नव्हता असं म्हणायचीही सोय नाही. पण ज्याच्या हातात सदा फडकं, त्याच्या कानाला पुसणं म्हणजे फडकंच ऐकू येणार.

पंचफुलाबाई रडल्या नाहीत. त्यांनी ती जागा तळहाताने झाकली आणि माझ्याकडे न बघता बोलल्या. “माह्या कौशीचा हात होता तो. सासरी जाताना दारावर ठेवला होता. त्याच पावसात पटकीनं गेली पोरगी. घर पाडलं, तं दार तेवढं मी ठेवलं.” पाटील दुसरीकडे पाहत उभे होते. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं असेल, कारण त्या लगेच म्हणाल्या, “जाऊ द्या. तुमाले काय मालूम.”

त्यांनी तो तंबोरा माझ्यावर फेकला असता तर मी सुटलो असतो. त्यांनी तो त्याच गोधडीत गुंडाळला आणि नेला.

लढाई संपली, भाव पडले, नव्या घरांचे रंग उडाले, आगगाडी आली. सरकी काढायच्या जिनांचे भोंगे आले. हुसेनमियाँ गेले. मी मिरजेला परत गेलो नाही. दोनदा निघालो आणि दोनदा बडनेऱ्याच्या स्टेशनावरून मागे फिरलो. कारण विचारलं की मी सांगतो, इथलं सागवान चांगलं आहे. खरं सांगायचं तर पंचफुलाबाईंच्या गावापासून इतकं लांब जायला मन धजलं नाही, आणि त्या गावात पाऊल टाकायलाही नाही. हळद पुढेमागे उडालीच असती, उजेडाला ती टिकत नाही, असं मी स्वतःची समजूत घालायला कितीदा म्हटलं. हे खरंही आहे. पण ती उन्हाने नेली असती तर गोष्ट निराळी होती. मी ती काचेने खरवडली.

तेव्हापासून कुठल्याही दारावर थापे दिसले की माझी नजर करंगळीकडे जाते. ओल्या लाखेत पहाटे पाहिलं की कधी कधी खालून पाच बोटं वर येताना दिसतात, मग लाख वाळते आणि ती नुसती लाकडाची नस असते. गिऱ्हाईक म्हणतात, म्हातारा फार पुसतो. इथे घोडी बसवू का, हा ओरखडा ठेवू का, ही खूण कुणाची आहे का. वऱ्हाडी आता माझ्या तोंडात पक्की बसली आहे. मिरजेचा कुणी आला तर त्यालाही मी परका वाटतो.

काल तो तंतू काढता काढता दारात सावली पडली. चाळिशीकडे झुकलेला एक गृहस्थ होता, खांद्यावर तंबोरा. खोळ काढली आणि मी तंबोरा ओळखला. रेषा खालून सरळ येतात, मध्यावर फाटून दोन्हीकडे वळतात. तो म्हणाला, मी नारायण, पंचफुलाबाईचा धाकटा, माय श्रावणात गेली. गावच्या सप्ताहासाठी तंबोरा नीट करून हवा होता. तारा गंजल्या होत्या, घोडी झिजली होती. त्याने मधल्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “हा डाग तेवढा काढून टाका.”

मी चष्मा लावून तंबोरा उन्हात तिरपा धरला. तीस वर्षांत लाख मधासारखी पिकली होती. एका कोपऱ्यात, त्या मोसमातला रुईचा एक तंतू तिच्यात तसाच अडकलेला होता. आणि दोन वळणांच्या मधे, त्या शांत जागेवर, लाख नव्हतीच. घासून घासून खालचं लाकूड उघडं पडलं होतं, घामाने काळवंडलं होतं, कडेने किंचित पिवळं होतं. मोठा, रुंद हात. कष्टाच्या बाईचा. नारायण सांगत होता की माय रोज भजनाच्या आधी स्वयंपाकाचा हात तसाच घेऊन यायची आणि इथे ठेवून उभी राहायची. जागा कधी चुकायची नाही. ती चुकणार कशी? लाखेतून रेषा दिसत होत्या, आणि त्या रेषा जिथे वळतात तिथे तिची पोर होती.

मी त्याला म्हटलं, “मायले पुसलं होतं का? हा डाग काढाचा म्हणून?”

तो गोंधळला. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. “नाही पुसलं,” तो म्हणाला. “आता कोनाले पुसावं?”

मी तंबोरा भिंतीशी टेकवला. तंबोरा ठेवून जा, एवढंच म्हटलं.

आज पहाटेपासून बसलो आहे. दारावर ओलं धोतर टांगलं आहे. जुनी लाख अर्काच्या फडक्याने उतरवत आलो, त्या हाताच्या कडेपर्यंत, आणि कडेशी थांबलो. त्या जागेवर माझा तळवा ठेवून पाहावा, असं एकदा मनात आलं. ठेवला नाही. मोसम संपायच्या आत काम होईल. बाकी तंबोऱ्याला मी सात हात देणार आहे. त्या जागेला एकही नाही.